रंगमंचावरचा आरोपी : युद्धकालीन हॉलिवूड संगीतपट आणि मराठी तमाशापट

१९४२ हे अमेरिकेच्या दृष्टीने महायुद्धाचे पहिले पूर्ण वर्ष होते. सक्तीची सैन्यभरती सुरू होती, घरोघरची तरुण मुले गणवेशात जात होती आणि मृत्यूच्या तारा येऊ लागल्या होत्या. नेमक्या याच वर्षी हॉलिवूडच्या दोन बलाढ्य चित्रसंस्थांनी दोन संगीतपट पडद्यावर आणले. वॉर्नर ब्रदर्सचा 'यांकी डूडल डँडी' मायकेल कर्टिझ यांनी दिग्दर्शित केला होता, तर एमजीएमचा 'फॉर मी अँड माय गॅल' बझ्बी बर्कले यांनी. दोन्हींतील नायक गावोगाव फिरून नाचगाणे करणारे, म्हणजे व्हॉडव्हिलचे कलावंत आहेत, आणि दोन्ही कथा पहिल्या महायुद्धाच्या काळाला येऊन भिडतात. दोन्ही चित्रपटांना उदंड प्रेक्षक मिळाले. युद्धात गुंतलेल्या एका राष्ट्राला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या नाच्या-गाण्याऱ्यांची गोष्ट इतकी जवळची का वाटावी, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले स्मरणरंजनाचे : संकटाच्या काळात माणसे मागे पाहतात. दुसरे पलायनाचे : गाण्यात दोन तास दुःख विसरते. दोन्ही उत्तरे चुकीची नाहीत, पण अपुरी आहेत. पलायनच करायचे, तर कथेत सैन्यभरतीची नोटीस कशाला हवी? प्रस्तुत लेखकाच्या मते या चित्रपटांचे आकर्षण वेगळ्या ठिकाणी आहे. हे चित्रपट कलावंताला आरोपी म्हणून उभे करतात, प्रेक्षकाला न्यायाधीशाच्या आसनावर बसवतात, आणि कलेचा सगळा आनंद आधी भोगू देऊन मग त्या आनंदाबद्दल कलावंताला माफ करण्याचे समाधानही देतात. ही रचना मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'पासून आपला तमाशापट याच वाटेने चालत आला आहे. म्हणून येथे या दोन चित्रपरंपरा शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. तुलनेचा भर अर्थातच आपल्याकडच्या परंपरेवर आहे.

प्रथम व्हॉडव्हिलविषयी थोडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेत रुजलेला हा रंजनप्रकार म्हणजे स्वतंत्र तुकड्यांची एक माळ होती. कसरतपटू, गायक, नकलाकार, जादूगार, शिकवलेली जनावरे, नाचणारी जोडी असे आठ-नऊ 'अंक' एकामागून एक येत आणि त्यांचा एकमेकांशी कथासंबंध नसे. कीथ-आल्बीसारख्या मंडळींच्या हाती नाट्यगृहांच्या साखळ्या होत्या व कलावंत त्यांवरून गावोगाव फिरत. कार्यक्रमपत्रिकेतील जागा हीच कलावंताची पत. पहिल्या क्रमांकावर बहुधा मुकाट कसरती, कारण प्रेक्षक अजून खुर्च्या शोधत असतात. शेवटून दुसरी जागा नामवंताची. या जगाचे शिखर म्हणजे १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये उघडलेले पॅलेस थिएटर. आपल्या तमाशालाही असा ठरलेला क्रम आहे. गण, गौळण, बतावणी आणि मग वग ही चौकट सर्वपरिचित आहे. फरक इतकाच की तमाशात हा क्रम परंपरेने पवित्र झालेला आहे, तर व्हॉडव्हिलमध्ये तो व्यवस्थापकाच्या मर्जीवर आहे.

हे पॅलेस थिएटर १९३२ साली चित्रपटगृह झाले. म्हणजे 'फॉर मी अँड माय गॅल' पडद्यावर आला तेव्हा त्यातील नायक-नायिकेचे सर्वोच्च स्वप्न दहा वर्षांपूर्वीच संपलेले होते, आणि ते संपवण्यात बोलपटाचा हात होता. ज्याने मारले त्यानेच श्राद्ध घालावे, तसा हा प्रकार. मात्र प्रेक्षकाला ते खटकत नाही. मेलेल्या कलेविषयी प्रेमाने बोलणे सर्वांनाच सोपे असते, कारण तिच्यापासून आता कोणालाच धोका नसतो.

'फॉर मी अँड माय गॅल'ची कथा साधी आहे. जो हेडन (जूडी गारलंड) आणि हॅरी पामर (जीन केली) ही जोडी छोट्या गावांतल्या नाट्यगृहांतून वर चढत पॅलेसपर्यंत पोचू पाहते. एकदा पॅलेसचे निमंत्रण आल्याच्या आनंदात ते निघतात आणि ते पॅलेस न्यूयॉर्कचे नसून नूअर्कचे निघते. ही विनोदी फजिती लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण खरे पॅलेस हाताशी येते तेव्हा हॅरीला सैन्यभरतीची नोटीस आलेली असते. काही आठवड्यांची सवलत मिळावी म्हणून तो आपला हात ट्रंकेच्या झाकणाखाली चिरडून घेतो. ट्रंक ही फिरत्या कलावंताच्या संसाराची खूण. जी वस्तू त्याची कला गावोगाव वाहून नेते, तीच त्याच्या अपराधाचे साधन होते. चित्रपटातील हा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला क्षण आहे. त्याच सुमारास जोचा भाऊ आघाडीवर मारला गेल्याची तार येते. ती हॅरीचा हात पाहते, सगळे उमजते आणि ती त्याला सोडून जाते.

या चित्रपटाच्या निर्मितीचा इतिहास त्याच्या कथेइतकाच बोलका आहे. पूर्वप्रदर्शनाच्या वेळी बहुसंख्य प्रेक्षकांनी हॅरीला क्षमा करण्याचे नाकारले. नायिका जॉर्ज मर्फी यांनी रंगवलेल्या सरळमार्गी सहकाऱ्याला मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा एमजीएमने चित्रपटाच्या उत्तरार्धाचा भाग पुन्हा चित्रित केला. अधू हातामुळे सैन्यात न घेतलेला हॅरी आघाडीमागे सैनिकांचे मनोरंजन करायला जातो आणि जिवावर उदार होऊन रुग्णवाहिकांच्या ताफ्याला वाचवतो, अशी भर पडली. मग कुठे अखेरीस पॅलेसच्या रंगमंचावर त्याला जो परत मिळते. प्रेक्षक हे न्यायासन आहे, ही या लेखातील केवळ उपमा नव्हे. येथे प्रेक्षकांनी खरोखरच निकाल दिला आणि चित्रसंस्थेने आरोपीच्या बाजूने नवा पुरावा तयार करून तो फिरवून घेतला.

'यांकी डूडल डँडी'त आरोप इतका उघड नाही, परंतु साक्ष आहेच. जॉर्ज एम. कोहन हा व्हॉडव्हिलवाल्या कुटुंबात वाढलेला नट-नाटककार व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासमोर बसून आपली जीवनकथा सांगतो आणि शेवटी काँग्रेसचे सुवर्णपदक घेऊन बाहेर पडतो. पदक सत्य आहे. कोहन यांना ते खरोखर मिळाले होते. पण एका गाणाऱ्या-नाचणाऱ्याची कैफियत राष्ट्रप्रमुखांनी ऐकावी आणि मगच चित्रपट संपावा, ही रचना १९४२ ची आहे. त्याच उन्हाळ्यात अमेरिकी सरकारच्या युद्धविषयक माहिती कार्यालयाने चित्रपट उद्योगाला दिलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत, हा चित्रपट युद्ध जिंकायला मदत करील काय, असा प्रश्न प्रत्येक निर्मात्याने स्वतःला विचारावा असे सुचवले होते. युद्ध प्रत्येकाला विचारत असते की तू काय केलेस. शेतकऱ्याकडे, कामगाराकडे, परिचारिकेकडे उत्तर असते. हसवणारा आणि नाचणारा मात्र उत्तर शोधत राहतो. हे चित्रपट म्हणजे खुद्द हॉलिवूडने स्वतःच्या वतीने दिलेले उत्तर होते. व्हॉडव्हिलवाला हा त्यातला वकीलपत्र दिलेला प्रतिनिधी.

येथे आस्वादाचा एक मुद्दा नोंदवणे आवश्यक आहे. व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर नाचाला कारण लागत नसे. नाच चांगला असला की पुरे. चित्रपट त्याच नाचाला चरित्रकथेत बसवतो, म्हणजे त्याला कारण पुरवतो : हा नाच प्रेम जुळवण्यासाठी, तो दुःख झाकण्यासाठी, हा सैनिकांसाठी. कारण जोडल्याने नाच वाईट होत नाही. गारलंड आणि केली यांचे एकत्र नाचणे आजही पाहावेसे वाटते, आणि ते पाहताना कथेची आठवणही राहत नाही. पण कथा मागाहून येते आणि त्या निर्हेतुक सुखाचा हिशेब मागते. या दुहेरी व्यवहारातच या चित्रपटांची गोडी आहे. मराठी तमाशापटाचे बळही तेच आहे आणि त्याचा दोषही.

आपल्याकडे युद्धकाळात असा चित्रपट का झाला नाही? तांत्रिक कारणे आहेत. १९४२ पासून कच्च्या फिल्मची टंचाई, बोलपटाच्या लांबीवर अकरा हजार फुटांची मर्यादा, पुढे परवाना पद्धत, आणि युद्धप्रयत्नांना पोषक चित्रपट काढण्याचा आग्रह. मराठी चित्रनिर्मिती या काळात रोडावली. पण खरे कारण राजकीय होते. ज्या ऑगस्टमध्ये अमेरिकी निर्माते युद्धाला मदत कशी करावी याचा विचार करत होते, त्याच ऑगस्टमध्ये मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला. कल्याणच्या वेशीवर सैनिकांची प्रचंड छावणी उभी राहिली होती. तीच जागा फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ साली उल्हासनगर म्हणून नावारूपाला आली. युद्ध असे अक्षरशः आपल्या दारात होते, परंतु ते आपले युद्ध आहे असे सर्वांना वाटत नव्हते. अशा स्थितीत नाचणाऱ्याने कोणत्या राष्ट्राला उत्तर द्यायचे?

बॉम्बे टॉकीजच्या 'किस्मत'ने (१९४३) या पेचातून चतुर वाट काढली. त्यातील नायिका रंगमंचावरची कलावती आहे. नृत्यापायीच तिचा पाय अधू झाला आहे, आणि ज्या नाट्यगृहाचा मालक एके काळी तिचा बाप होता तेथेच तिला पोटासाठी गावे लागते. त्या रंगमंचावरून एक गीत परकीयांना दूर हटायला सांगते. शब्दांत जर्मन आणि जपानी यांची नावे असल्याने परीक्षण मंडळाला हरकत घेता आली नाही. प्रेक्षकाला मात्र परकीय कोण हे कळले होते. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. पण 'किस्मत'मधील रंगभूमी कोणत्याही विशिष्ट परंपरेची नाही. ती स्टुडिओत बांधलेली आहे.

खऱ्या फिरत्या रंगभूमीने, म्हणजे तमाशाने, युद्धाच्या प्रश्नाला स्वतः उत्तर दिले आणि ते पडद्यावर नव्हे तर उघड्या मैदानात दिले. अण्णा भाऊ साठे यांनी १९४३ मध्ये स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह 'लाल बावटा कलापथक' उभे राहिले. अण्णा भाऊंनी तमाशाची चौकट घेतली, पण गणात देवतास्तवनाऐवजी भूमीला व श्रमिकांना वंदन आले आणि गौळण गळाली. हा बदल अभ्यासकांनी पुरोगामी म्हणून गौरवला आहे व ते योग्यही आहे. तरीही विचारावेसे वाटते : गौळण गळाली म्हणजे काय गळाले? कृष्ण आणि मावशी यांची थट्टा गळाली, तसा नाचणाऱ्या स्त्रीचा रंगमंचावरील हक्काचा वेळही आकसला. क्रांतीच्या बाजूनेही नाचाला कारण द्यावेच लागले. आरोप वेगळ्या न्यायालयात गेला, इतकेच.

या पार्श्वभूमीवर राजकमल कलामंदिराचा 'लोकशाहीर रामजोशी' पाहावा. दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे, पटकथा व गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई यांचे, मुख्य भूमिकांत जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. पेशवाईच्या उत्तरकाळात सोलापूरच्या विद्वान ब्राह्मण घरात जन्मलेला, तमाशाच्या नादाने घराबाहेर पडलेला आणि लावणीला संस्कृत विद्वत्तेचा साज चढवणारा हा शाहीर. मोरोपंतांच्या उपदेशाने त्याने डफ टाकून कीर्तनाची वाट धरली, ही आख्यायिका शाळकरी वयापासून आपण ऐकत आलो आहोत. या आख्यायिकेत आरोप, शिक्षा आणि पुनःप्रवेश तिन्ही तयार होते. चित्रपटाला फक्त ढोलकी आणायची होती, आणि ती त्याने अशी आणली की पुढची पंचवीस वर्षे मराठी पडद्यावरून ती उतरली नाही.

हॅरी पामर आणि रामजोशी यांच्या अपराधात एक मूलभूत भेद आहे. हॅरीचा अपराध कृतीचा आहे. त्याने हात चिरडून घेतला. रामजोशीचा अपराध जागेचा आहे. तो जिथे असू नये तिथे आहे. चित्रपट त्याच्या कलेला दोष देत नाही, उलट तिचे कौतुकच करतो. दोष फडावर बसण्याचा आहे. म्हणूनच त्याला निर्दोष ठरवण्याचा मार्गही सोपा असतो : त्याला तेथून उठवायचे. परत जाण्यासाठी त्याला घर, जात आणि विद्या आहे. हंसा वाडकरांनी रंगवलेल्या बयेला काय आहे? ती त्याच फडात जन्मलेली आहे. तिने कोणती जागा सोडलेली नाही, त्यामुळे तिला परत जाण्याची जागाही नाही. चित्रपटातील सर्वांत जिवंत क्षण तिचे आहेत. ती ढोलकीला पायांनी जे उत्तर देते ते पाहताना कोणालाही खटल्याची आठवण राहत नाही. पण खटला तिच्या नावाने चाललेलाच नाही. ती मुद्देमाल आहे.

अमेरिकी चित्रपटांतही अशी माणसे आहेत. 'यांकी डूडल डँडी'त कोहन कुटुंब तोंडाला काळे फासून नाचते, तेव्हा ज्यांची नक्कल होते आहे त्यांना त्या रंगमंचावर जागा नसते. पुढच्याच वर्षी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने सर्व कृष्णवर्णीय कलावंतांना घेऊन 'स्टॉर्मी वेदर' (१९४३) काढला. बिल रॉबिन्सन, लीना हॉर्न, फॅट्स वॉलर, कॅब कॅलोवे आणि पायऱ्यांवरून उड्या घेत उतरणारे निकोलस बंधू त्यात आहेत. तोही पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकापासून सुरू होतो आणि त्यातही पदन्यास कळसाला पोचलेला आहे. पण त्यांना स्वतंत्र चित्रपट मिळाला, गोऱ्यांच्या पॅलेसची पायरी नाही. आपल्या ढोलकीफडांत आणि संगीत बाऱ्यांत महार, मांग, कोल्हाटी समाजातील स्त्री-पुरुषांनी जी कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तिचा पडद्यावरील पहिला थोर नायक सोलापूरचा जोशी असावा, हा योगायोग मानणे कठीण आहे. पठ्ठे बापूरावांची कथाही याच वळणाची. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण पवळाबाईच्या साथीने तमाशात उभा राहतो आणि १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत मरतो. आख्यायिका त्याच्या त्यागाची झाली. पवळेच्या त्यागाची झाली नाही, कारण तिने काय सोडले असे विचारले तर जातिव्यवस्थेच्या भाषेत उत्तर येत नाही.

आणखी एक विसंगती मला अधिक अस्वस्थ करते. व्हॉडव्हिलवरचे चित्रपट व्हॉडव्हिल संपल्यावर आले. तमाशापट आला तेव्हा तमाशा जिवंत होता आणि तोच संशयित होता. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात मुंबई सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी आणली. नंतर ती सैलावली आणि संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आली. 'लोकनाट्य' हे सोवळे नाव रूढ होण्यामागे ही बंदी होती. म्हणजे ज्या काळात पांढरपेशा कुटुंबे सहपरिवार चित्रगृहात बसून बयेची लावणी पाहत होती, त्याच काळात तिच्या खऱ्या बहिणींना कनातीत उभे राहण्यासाठी परवाना मागावा लागत होता. चित्रपटातील निर्दोष मुक्ततेचा फायदा प्रत्यक्ष आरोपींना मिळाला नाही. तो चित्रपटाला मिळाला. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. इतका काळ एका जागी मुक्काम कोणत्याही फडाच्या नशिबी नव्हता.

पुढील तमाशापटांविषयी थोडक्यात. 'पिंजरा' (१९७२) हा शांताराम यांनी 'द ब्लू एंजल' (१९३०) या जर्मन चित्रपटावरून बेतला. जर्मन कॅबरेची कथा फारशी तोडमोड न करता तमाशाच्या तंबूत बसली, यावरून हा साचा किती सार्वत्रिक आहे ते कळते. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर आणि निळू फुले यांचे काम थोर आहे. चित्रपटाची नैतिकता मात्र १९४७ च्याही मागे जाते, कारण येथे आरोपी कलावंत नसून कलेच्या वाऱ्याला गेलेला सद्गृहस्थ आहे आणि नर्तकी हीच मूर्तिमंत मोह. डोंबिवलीत वाढलेले दिग्दर्शक रवी जाधव यांनी आनंद यादव यांच्या कादंबरीवरून केलेला 'नटरंग' (२०१०) याच्या कितीतरी पुढे आहे. अतुल कुलकर्णी यांचा गुणा हा पैलवानी शरीराचा शेतमजूर नाच्या होतो, आणि त्यापायी घर, गाव, पुरुषपणाची प्रतिष्ठा व शेवटी शरीराची अस्मिताही गमावतो. येथे आरोप प्रथमच वरून खाली आलेल्या माणसावर नाही, तर फडाच्या आतल्या माणसावर आहे. नाच्याच्या कंबरेच्या लचक्यावर हसणारे आपणच आहोत, हे चित्रपट सौम्यपणे नव्हे तर क्रूरपणे दाखवतो. आणि तरीही त्याचा शेवट वृद्ध गुणाच्या जाहीर सन्मानाने होतो. व्हाइट हाऊसच्या पायऱ्या उतरणारा कोहन आठवावा, इतके हे साम्य जवळचे आहे. पदक मिळाले म्हणजे खटला निकाली निघाला, हा विश्वास ६८ वर्षांनंतर आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडे तसाच टिकून आहे.

प्रत्यक्षात पदकाने काय होते हे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या आयुष्यात दिसते. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. भारत-चीन युद्धाच्या काळात त्यांनी सीमेवरच्या जवानांपुढे कला सादर केली. म्हणजे हॅरी पामरकडून जे प्रायश्चित्त म्हणून करवून घेतले गेले, ते त्यांनी कोणत्याही अपराधाविना केले. तरी अखेरची वर्षे हलाखीत गेली. प्रयोग चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभे राहिल्याची त्यांची हकीकत कौतुकाने सांगितली जाते. ती सांगताना, रात्रीचा खेळ मोडला तर फडाचे पोट कसे भरणार होते, हा हिशेब कोणी मांडत नाही. कौतुक हाही एक निकालच असतो, आणि तो लागला की प्रकरणाची कागदपत्रे बंद होतात.

हा विषय आपल्या परिसरातील अध्यापकांपुढे मांडण्याचे कारण आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून हललेली अनेक कुटुंबे ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि त्यापलीकडे येऊन वसली. त्यांच्यातील वडीलधाऱ्यांनी लालबागच्या न्यू हनुमान थिएटरात तमाशा पाहिलेला होता. फडांची नावे, ढोलकीवाल्यांची खासियत, कोणत्या वगात कोण राजा व्हायचा हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांची नातवंडे आज आपल्या वर्गांत आहेत. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात आणि युवा महोत्सवात ती लावणी करतात, आणि चांगली करतात. गडकरी रंगायतनात किंवा सावित्रीबाई फुले कलामंदिरात लावणीचे कार्यक्रम लागले तर तिकिटेही काढतात. पण त्यांची लावणी पडद्यावरून आलेली असते. तीन-चार मिनिटांची, बैठकीचा ठेहराव नसलेली, दौलतजादा आणि फर्माईश यांच्या पेचातून सुटलेली. विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसणे समजण्यासारखे आहे. आपल्या अभ्यासपत्रिकांत मात्र 'लोकसाहित्य' या शीर्षकाखाली तमाशाचे घटक पाठ करून घेतले जातात आणि 'साहित्य आणि चित्रपट' या शीर्षकाखाली 'नटरंग' किंवा 'पिंजरा' शिकवला जातो. दोन्ही पत्रिका एकमेकींशी बोलत नाहीत. घरी आजोबा जिवंत असताना विद्यार्थी गण-गौळणीची व्याख्या मार्गदर्शकातून लिहितो, ही स्थिती अभ्यासमंडळावर बसणाऱ्या कोणालाही शोभणारी नाही. नमुन्यादाखल इतके करता येईल : 'रामजोशी'तील बयेचा नाच दाखवावा, त्यालगत ट्रंकेचा प्रसंग दाखवावा, आणि या दोन्ही ठिकाणी कोणाला काय सिद्ध करावे लागते आहे ते लिहायला सांगावे. त्यानंतर हंसा वाडकरांचे आत्मकथन वाचायला द्यावे.

'सांगत्ये ऐका' हे नाव त्यांनी स्वतःच्या गाजलेल्या चित्रपटावरूनच घेतले. 'माणूस' साप्ताहिकातून आलेले आणि अरुण साधू यांनी शब्दांकित केलेले हे निवेदन १९७० च्या सुमारास पुस्तकरूप झाले; १९७१ मध्ये त्या वारल्या. लहान वयात कमावायला लागणे, फसलेला संसार, दारू, घरातून निघून जाणे, मराठवाड्यातील खेड्यात अडकून पडलेली वर्षे हे सारे त्या सांगतात, आणि कोठेही बचाव मांडत नाहीत. कोणी क्षमा करावी असा सूर नाही. कलेने मला तारले असे वाक्य नाही. चित्रपटातल्या बयेला जे कधी विचारले गेले नाही, ते येथे न विचारता सांगितले जाते. श्याम बेनेगल यांनी या पुस्तकाच्या आधारे 'भूमिका' (१९७७) केला. स्मिता पाटील यांची नायिका त्यात अखेरीस हॉटेलच्या खोलीत एकटी आहे. ना रंगमंच, ना ढोलकी, ना पदक. दूरध्वनी वाजतो आहे.